बाकावरचा दुसरा डायरेक्टर

"माझ्या बायकोला डायरेक्टर कुणी केलं? कुठाय तो प्रोफेसर?"

दार लाथेने उघडलं की नुसत्या आवाजाने, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. मी फळ्याकडे तोंड करून उभा होतो. वळून बघतो तर सगळा वर्ग बाकांखाली. चंदीगडमध्ये पंजाबातल्या अतिरेक्यांच्या त्या वर्षांत दार धाडकन उघडलं की माणसं आधी बाकाखाली जात आणि कोण आलंय ते मग बघत. उभे होते फक्त शेवटच्या बाकावरचे इन्स्पेक्टर सोढी. नोकरी सांभाळून ते संध्याकाळच्या वर्गात कायदा शिकत होते, आणि आत्ता त्यांचा हात कमरेला गेला होता.

"सोढीसाहेब, थांबा!" मी ओरडलो. "ते मराठीत ओरडतायत! गोळ्या घालणारे मराठीत ओरडत नाहीत!"

दारात एक मेजर उभे होते. पूर्ण गणवेशात, मिशा अशा की दोन्ही टोकांना एकेक पहारेकरी उभा करावा. पहिल्या बाकाखालून उषाताई शिर्के बाहेर आल्या, साडी झटकली आणि म्हणाल्या, "अहो, तास चालू आहे. जरा हळू बोला."

"घरी चल."

"संपल्यावर येते. आज अंदाजे आकारणी आहे, ती परीक्षेला हमखास येते."

पंजाबी वर्गाला यातलं अक्षर कळलं नाही, पण नवराबायकोचं भांडण कुठल्याही भाषेत कळतं. एकेक डोकं बाकावर येऊ लागलं. मेजरसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या हातातल्या खडूचं पीठ झालं. आणि ते मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले, तास संपेपर्यंत. मी तीस वर्षं शिकवलं, पण सशस्त्र पालकासमोर तेवढाच एक तास घेतला.

आता हे डायरेक्टर प्रकरण काय होतं ते सांगतो. त्यासाठी थोडं कराचं सांगावं लागेल. पान उलटू नका, मी आवरतं घेईन.

मी मूळचा बार्शीचा. चंदीगडच्या विद्यापीठात कायद्याच्या विभागात मी ‘कंपन्यांचा आयकर’ हा विषय शिकवायचो. या विषयाला विद्यार्थी स्वतःहून येत नाहीत, पाठवले जातात. माझा आवाज असा की शेजारचे भूगोलवाले माझ्या तासावर टिपणं काढत आणि त्यांतल्या दोघांनी पुढे कराची वकिली केली. विश्वास ठेवा अथवा ठेवू नका.

कंपनी ही कायद्याने बनवलेली व्यक्ती. तिला मालकाहून वेगळं नाव असतं, वेगळी मिळकत असते, वेगळा कर असतो. ती जेवत नाही, आजारी पडत नाही, तिला सासू नसते. पण एक मोठं व्यंग तिला जन्मजात असतं: तिला हात नसतात. म्हणून तिच्या वतीने सही करायला हाडामांसाची माणसं लागतात. तीच डायरेक्टर मंडळी. खाजगी कंपनीत अशी कमीत कमी दोन हवीत. कंपनीचं वार्षिक विवरणपत्र, ज्याला सगळे रिटर्न म्हणतात, ते या हातांनीच सही होऊन जातं. हात नाहीत तर रिटर्न नाही. रिटर्न नाही तर आयकर अधिकारी स्वतःच्या मनाने तुमचं उत्पन्न ठरवतो. यालाच अंदाजे आकारणी म्हणतात. अधिकाऱ्याचा अंदाज कधी कमी निघाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तो कर भरला नाही की जप्ती, आणि जप्तीनंतर लिलाव.

हे सगळं फळ्यावर लिहून कुणाच्या डोक्यात शिरत नाही. म्हणून मी वर्गात एक रिवाज पाडला होता. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक बाकाची एक कंपनी. बाकावर बसणारे दोघं तिचे डायरेक्टर. नाव त्यांनीच ठेवायचं. एका बाकाने ‘सुखना तलाव मत्स्य व विमान वाहतूक प्रायव्हेट लिमिटेड’ काढली होती. वर्षभर मी आयकर अधिकारी व्हायचो आणि या कंपन्यांना नोटिसा पाठवून छळायचो. ठरल्या दिवशी दोघांपैकी एक जरी आला नाही तरी त्या कंपनीची मी वर्गात यथासांग जप्ती करायचो, म्हणजे त्यांचे डबे उघडून खायचो. त्यामुळे एक नियम आपोआप पक्का झाला. बाकावरच्या शेजाऱ्याला सहीच्या दिवशी एकटं सोडायचं नाही. मुलं त्याला ‘बेंच दा असूल’ म्हणत, बाकाचा नियम.

शांततेच्या काळात हा खेळ होता. त्या वर्षांत तो खेळ राहिला नाही. वर्गाला येणं हेच एक काम झालं होतं. अंधार पडला की बस बंद, म्हणून संध्याकाळचा वर्ग सरकत सरकत दुपारी आला. फाटकावर झडती. कुठे कर्फ्यू लागला की निम्मा वर्ग अडकलेला. आणि बाकं हळूहळू एकेकट्याची होऊ लागली. कुणी दिल्लीला गेलं, कुणी कॅनडाला. तरनतारनकडचा एक मुलगा होता, सुट्टीत गावी गेला तो परत आला नाही. तो स्वतः गेला, की कुणी नेला, आणि नेला तर कुठल्या बाजूच्यांनी, हे त्याच्या घरच्यांना कळलं नाही. सोढींना कळलं असेल तर ते बोलले नाहीत. मी हजेरी घेताना त्याचं नाव पुकारायचो, मग एक श्वास थांबायचो आणि पुढचं नाव घ्यायचो. असं बरेच महिने.

हसण्यासारखंही घडायचं, नाही असं नाही. एकदा विभागाच्या पायरीवर एक जाडजूड पार्सल सापडलं. तपकिरी कागद, सुतळी, पाठवणाऱ्याचं नाव नाही. बेवारस वस्तूला हात लावू नका, अशी पाटी त्या काळी देवघराखेरीज सगळीकडे होती. इमारत रिकामी झाली. आमचे विभागप्रमुख, ज्यांना जिना चढायला दोन वेळा बसावं लागे, ते हरणासारखे हिरवळीवर. वाळूची पोती आली, लांब काठी आली, एक कुत्रा आला. कुत्र्याने हुंगलं आणि तो शिंकला. आत निघाली आयकर कायद्यावरची टीका, नवी आवृत्ती, मीच मागवलेली. सोढी माझ्या हातात ती देत म्हणाले, "सर जी, आहे तर बॉम्बच. फक्त पुढच्या बजेटला आपोआप निकामी होतो." आम्ही पोट धरून हसलो. हसून झाल्यावर सोढींनी पार्सलचा कागद उलगडून पुन्हा एकदा आत पाहिलं.

अशा वर्षी सतवंत कौर वर्गात आल्या.

चाळिशीच्या बाई, पांढरी ओढणी, पावलं अशी टाकायच्या की फरशीने बाजूला व्हावं. पहिल्याच दिवशी त्यांनी उभं राहून सांगितलं, "सर जी, मला वकील व्हायचं नाही. मला फक्त तुमचा पेपर शिकायचाय." (त्या पंजाबी-हिंदी मिसळून बोलत, मी मराठीत सांगतोय.) माझ्या सगळ्या हयातीत या विषयासाठी आलेला हा पहिला आणि शेवटचा माणूस. मी त्यांना पहिल्या बाकावर उषाताईंच्या शेजारी बसवलं. तिथली जागा रिकामी होती.

उषाताई मेजर शिर्क्यांच्या पत्नी. मूळच्या कोरेगावकडच्या. चंडीमंदिरच्या छावणीतून मिळेल त्या वाहनाने वर्गाला येत. लष्करी बायकांच्या चहापानाला कंटाळून कायदा शिकत होत्या, असं त्या स्वतःच सांगत. या दोघींचं दोन दिवसांत असं मेतकूट जमलं की माझा तास त्यांच्या कुजबुजीच्या फटीतून मला घ्यावा लागे. एक म्हणायची "भैणजी", दुसरी म्हणायची "अगं सतवंत". एक मोहरीच्या पाल्याचा साग आणायची, दुसरी शेंगदाण्याची चटणी. बाकावर कंपनी काढली तिचं नाव ‘साग-चटणी प्रायव्हेट लिमिटेड’.

नोटिशीच्या तासाला सतवंतजींनी मला प्रश्न विचारला. "सर जी, समजा एका कंपनीचे दोन डायरेक्टर. एकाला मारून टाकलं, दुसरा घाबरून दिल्लीला पळाला आणि तिथून राजीनामा पाठवला. आयकराची नोटीस आली. सही कोण करणार?"

मी उत्साहात फळ्याकडे वळलो. "वा! काय प्रश्न आहे! अशा कंपनीला आपण म्हणू..."

"तिला नाव आहे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. चंदीगडला लागूनच्या मनीमाजऱ्याच्या जुन्या बाजारामागे त्यांचा कारखाना होता. लोखंड कातायची लेथ यंत्रं, ट्यूबवेलच्या पंपाचे भाग. नवरा करनैलसिंग आणि धाकटा दीर, हे दोन डायरेक्टर. एक दिवस दोन माणसं आली आणि काही नळ्या कातून द्या म्हणाली, अमुक मापाच्या, आतून गुळगुळीत. कसल्या नळ्या हे लेथवाल्याला सांगावं लागत नाही; बंदुकीच्या. करनैलसिंग म्हणाले, आम्ही पाण्याचं काम करतो. पुढल्या आठवड्यात त्यांना फाटकापाशी मारलं. दिराने दिल्ली गाठली. फाटकावर कागद लागला: जो इथला मालक होईल त्याचं हेच होईल.

"दीर म्हणतो विकून टाक," सतवंतजी म्हणाल्या. "आणि रिटर्न गेलं नाही तर सरकारच लिलाव करील. दोन्हीकडून लेथ जाणार कुणाकडे? गिऱ्हाईक दोनदा येऊन बघून गेलंय. पैसे रोख देतो म्हणतं, भाव करत नाही. पंपाचे भाग बनवणारा माणूस भाव केल्याशिवाय राहील का? मला माहीत आहे कुणासाठी घेतोय. करनैलने ज्या लेथवर ते काम केलं नाही, त्याच लेथवर ते होणार. ते मी होऊ देणार नाही."

एवढंच होतं सगळं. बाईंना सूड नको होता, पैसा नको होता. लेथ त्यांच्या हाती पडू नयेत. त्यासाठी कंपनी चालू राहायला हवी, त्यासाठी रिटर्न वेळेत जायला हवं, आणि त्यासाठी दोन डायरेक्टर हवेत. भागधारक म्हणून त्या स्वतः एक होऊ शकत होत्या. दुसरं नाव कुणाचं?

दुसरं नाव मिळेना. मुलगी शाळकरी, मावशीकडे पाठवलेली. फोरमन गावी निघून गेला होता. नातलगांनी एकेक करून हात जोडले. कुणी म्हणालं मुलीचं लग्न आहे, कुणी म्हणालं गुडघा दुखतो. गुडघ्याचा आणि डायरेक्टरपदाचा संबंध मी शोधतोय अजून. कारण उघड होतं. डायरेक्टरचं नाव आणि राहता पत्ता रजिस्ट्रारच्या दप्तरात जातो आणि ते दप्तर थोडी फी भरून कुणालाही बघता येतं. कायदा करणाऱ्यांना वाटलं होतं, कंपनीचे मालक कोण हे जनतेला कळलं पाहिजे. जनतेत कोण कोण असतं, हा विचार त्यांनी केला नव्हता.

सोढी सरकारी नोकर, त्यांना चालत नव्हतं. मी विद्यापीठाचा नोकर. परवानगीशिवाय मला पानाची टपरीसुद्धा टाकता येत नव्हती. मी अर्ज केला. तो अर्ज अजून विचाराधीन असणार. मी निवृत्त झालो, तो झालेला नाही.

एक दिवस तास संपल्यावर उषाताई माझ्या खोलीत आल्या. "सर, संमतीपत्रावर सही करून आले."

"कसली?"

"सतवंतच्या कंपनीची. खऱ्या."

"मेजरसाहेबांना विचारलंत?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. मग नाही म्हटल्यावर करावं लागलं असतं. ते जास्त वाईट दिसतं."

"उषाताई, तो वर्गातला खेळ आहे. बाकाचा नियम बाकापुरता."

"असं तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं नव्हतंत," त्या म्हणाल्या.

तर त्यावरून मेजरसाहेब दार फोडून आले होते. छावणीत कुणाकडून तरी त्यांच्या कानावर गेलं. तास संपला, वर्ग पांगला, आणि माझ्या खोलीत आम्ही चौघं बसलो. शिर्के पतिपत्नी, सतवंतजी आणि मी.

"प्रोफेसर, नाव काढा," मेजर म्हणाले.

"मी घातलेलं नाही, मी काढू शकत नाही."

"मग पत्ता बदला."

"खोटा पत्ता देणं गुन्हा आहे."

"म्हणजे खोटा पत्ता दिला तर तुरुंग, आणि खरा दिला तर चितेवर. कुणी लिहिलाय हा कायदा?"

"मुंबईचा वकील असणार कुणी," मी म्हटलं. "तिकडे गोळ्या चालायच्या होत्या अजून."

ते हसले नाहीत. त्यांनी खुर्ची सतवंतजींकडे वळवली आणि तोडक्या पंजाबीत विचारलं, "बीबीजी, किती दिवस चालवणार हे?"

"जितके दिवस चालेल तितके."

"आणि मग?"

"मग नाही चालणार." त्यांनी ओढणी सावरली. "मेजरसाब, तुम्ही सरहद्दीवर उभे राहता तेव्हा तुम्हाला कुणी विचारतं का, किती दिवस?"

"मला पगार मिळतो त्याचा. माझ्या बायकोला नाही."

"बरोबर आहे," सतवंतजी म्हणाल्या. त्या उषाताईंकडे वळल्या. "भैणजी, काढून घे नाव. मी नाराज नाही होणार, सच्ची."

उषाताई खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "रिटर्न जाऊ दे. मग बघू." आणि नवऱ्याला मराठीत: "तुम्ही माझ्यावर ओरडा हवं तेवढं. तिच्यासमोर नका."

मेजर उठले. जाताना त्यांनी मला विचारलं, "शेवटची तारीख कधी आहे?"

नोटिशीतला शेवटचा दिवस उजाडला तो बंदचा. गोळीवाल्यांनी पुकारलेला. चंदीगडचे ते सरळ रुंद रस्ते, चौकाचौकांत गोल बागा, आणि माणूस म्हणून नाही. बस नाही, रिक्षा नाही, दुधवालाही नाही. रिटर्न तयार होतं. त्या वर्षी कंपनीला तोटाच होता, त्यामुळे करही नव्हता. फक्त ते दोन सह्यांच्या ठरावासकट कचेरीत पोचायचं होतं. मी चालत निघायच्या तयारीत होतो, तोच दारात एक फियाट थांबली. मेजर शिर्के, साधा शर्ट, पायजमा. मागे त्या दोघी.

"बसा."

"मेजरसाहेब, सैन्याच्या माणसाने यात..."

"मी बायकोला भाजीला घेऊन चाललोय."

"बंदच्या दिवशी?"

"त्या दिवशी भाव उतरतो."

ते गाडी अशा वेगाने चालवत होते की सेक्टर बदलल्याचं मला पाट्यांवरूनही कळत नव्हतं. आसनाशेजारी वर्तमानपत्राची घडी होती आणि ती घडी वर्तमानपत्राच्या मानाने फारच जड दिसत होती. मी त्याविषयी विचारलं नाही. मागे सतवंतजी काहीतरी पुटपुटत होत्या. जपजी, शिखांची रोजची प्रार्थना, असावी. उषाताई त्यांच्या सुरात सूर मिळवून भीमरूपी म्हणत होत्या. दोन्हींचं वृत्त एकमेकांत अडकत होतं.

आयकर कचेरीच्या फाटकाला साखळी. पहारेकऱ्याने लांबूनच हात हलवला. उषाताई उतरल्या आणि साखळीला धरून उभ्या राहिल्या. "मुदत आज संपतेय. सरकारची कचेरी सरकारच्या दिवशी चालू असते. उघडा." त्या बाईंचा आवाज त्या दिवशी माझ्यापेक्षा मोठा होता, आणि हे मी सहसा कुणाबद्दल लिहीत नाही. आतून एक कारकून आला. हिमाचली म्हातारा, गळ्याभोवती मफलर. एकटाच आला होता ड्यूटीवर, कसा आला कोण जाणे. त्याने कागद हातात घेतले, कंपनीचं नाव वाचलं, सतवंतजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याला कळलं हे आम्हाला कळलं. त्याने आवक नोंदवली, शिक्का शाईत बुडवला आणि इतक्या हळू टेकवला की जणू बाहेर कुणी ऐकत उभं आहे. पोच दिली. मग म्हणाला, "लवकर घरी जा, बेटी." कुणाला म्हणाला ते माहीत नाही. दोघींनी मान हलवली.

रिटर्न स्वीकारलं गेलं. जप्ती टळली. त्या रोख गिऱ्हाइकाला सतवंतजींनी दुसऱ्या दिवशी फाटकातूनच परत पाठवलं. कारखान्यात दोन लेथ चालू झाल्या, मग तिसरी. फोरमनही परत आला. वर्गात त्या पूर्वीसारख्याच येत, बाकावर साग आणि चटणीची देवघेव चाले. वार्षिक परीक्षेत त्यांनी अंदाजे आकारणीवर एवढं लिहिलं की पुरवण्या बांधायला दोरा कमी पडला. मी त्यांना म्हटलं, "आता वकील व्हाच." त्या म्हणाल्या, "सर जी, एक कंपनी सांभाळता सांभाळता जीव जातोय." त्या हसत होत्या म्हणून मीही हसलो.

मेजरसाहेबांची बदली आली होती. मध्य प्रदेशात कुठेतरी. उषाताईंचं नाव काढायचं आणि दुसरं कुणी शोधायचं, असं सर्वानुमते ठरलं होतं. शोध चालू होता. गुडघे दुखणारी मंडळी तशीच होती.

नवं वर्ष सुरू झालं होतं. मी वर्गाकडे निघालो होतो, तोच सोढी व्हरांड्यात समोर आले. गणवेशात. गणवेशात ते वर्गाला कधी येत नसत.

"सर जी, आज तास नको."

"का?"

"मनीमाजरा," ते म्हणाले.

मी काहीतरी मोठ्याने बोललो असेन, कारण भूगोलवाले बाहेर आले. सोढींनी मला भिंतीशी नेलं आणि थोडक्यात सांगितलं. सकाळी, सतवंतजी कारखान्याचं फाटक उघडत असताना, स्कूटरवरून दोघं. समोरच्या दुकानदाराने काही पाहिलं नाही. शेजारच्याने पाहिलं नाही. "कुणीच काही पाहिलं नाही," सोढी म्हणाले, "आणि मला त्यांचा राग येत नाही, सर जी. तोच सर्वांत मोठा त्रास आहे." मग त्यांनी पगडी सावरली आणि ते गेले.

माझ्या बायकोला घेऊन मी चंडीमंदिरला गेलो. फाटकावर झडती झाली, पत्ता विचारला, पत्ता सांगताना मी आवाज खाली आणला. शिर्क्यांच्या क्वार्टरमध्ये बदलीचं सामान बांधून पडलं होतं. काळ्या पत्र्याच्या ट्रंका, वर पांढऱ्या रंगात नाव आणि हुद्दा. त्यातल्या एका ट्रंकेवर उषाताई बसल्या होत्या. रडून झालं होतं की अजून व्हायचं होतं, सांगता येत नव्हतं. माझी बायको त्यांच्याशेजारी जाऊन बसली. मी उभाच राहिलो.

मेजर खिडकीशी होते. वर्गात दारातून आलेला तो आवाज त्यांच्यात उरला नव्हता. त्यांनी मला विचारलं, "प्रोफेसर, डायरेक्टरचा राजीनामा कसा देतात?"

"साध्या कागदावर," मी म्हटलं. "कंपनीच्या संचालक मंडळाला उद्देशून लिहायचा आणि मंडळाच्या हाती द्यायचा. दिला की झालं."

त्यांनी टेबलावरचा कागद उचलला, पेन उचललं आणि बायकोपुढे धरलं. "उषा, लिही. आत्ता लिही आणि दे."

त्यांनी कागद घेतला नाही.

"देऊ कुणाकडे?" त्या म्हणाल्या. "मंडळात आता मीच आहे."